तीन की सहा? हिरड्या मोजायला आणि किटण ओळखायला शिकताना

पेरिओच्या, म्हणजे हिरड्या आणि दातांच्या आधाराच्या विभागातल्या, पहिल्या पोस्टिंगमधले विद्यार्थ्यांचे केस पेपर तपासायला घेतले की बहुतेकांवर हिरडीच्या खोलीचा, मिलिमीटरमधला, एकच आकडा ओळीनं बसलेला दिसतो. तीन, तीन, तीन. मध्येच एखादा दोन, मग पुन्हा तीन. समोर खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या खालच्या पुढच्या दातांमागे मात्र किटणाचा जाड थर असतो आणि हिरड्या लालबुंद सुजलेल्या असतात. मुलं आळशी असतात असं नाही. पेशंटला दुखेल, रक्त येईल, तो ओरडेल, या धास्तीनं हात अर्ध्यातच थांबतो आणि पुस्तकातला नॉर्मल आकडा कागदावर उतरतो.

शिकत असताना मीही खालच्या उजव्या पहिल्या दाढेला असंच तीन लिहिलं होतं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला, तोच प्रोब, म्हणजे मापाची कांडी, दाढेच्या मागच्या कोपऱ्याकडे सरकवला आणि तो सात मिलिमीटर आत गेला. पेशंटला दुखलं नाही. मी मधल्या सपाट भागावर मोजून थांबले होते, पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांमधली खोल झालेली फट, कोपऱ्यात होतं. त्या दाढेचं हाड किती गेलंय हे त्या दिवशी कुणीच पाहिलं नसतं, तर पेशंट दोन-तीन वर्षांनी हलणारी दाढ काढायलाच परत आला असता. म्हणून थर्ड इयरच्या प्रत्येक बॅचला मी पहिल्या दिवशी जे सांगते, ते इथं लिहिते आहे. मापाची ही कांडी नीट वापरता आली, तर बाकीचं पेरिओ शिकता येतं.

ट्रेमधली हत्यारं

तपासणीच्या ट्रेमध्ये माउथ मिरर, प्रोब, एक्सप्लोरर, ट्वीझर आणि कापसाचे बोळे असतात. मिररचं काम फक्त बघण्याचं नाही. त्यानं गाल आणि जीभ बाजूला धरता येतात. पुढच्या दातांच्या मागून त्याच्यावर उजेड घेतला, तर दातांच्या फटीतलं किटण गडद सावलीसारखं दिसतं. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

प्रोब म्हणजे बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. आपल्याकडच्या कॉलेजांत बहुतेक वेळा विल्यम्स प्रोब हातात येतो. कॅनडातले पेरिओडोंटिस्ट चार्ल्स विल्यम्स यांनी 1936 मध्ये तो तयार केला. त्यावरच्या खुणा 1, 2, 3, 5, 7, 8, 9 आणि 10 अशा आहेत. चार आणि सहा मुद्दाम गाळले आहेत, म्हणजे गर्दीत रेघा मोजताना गोंधळ होत नाही. हे माहीत नसलं की मुलं चौथ्या रेघेला चार वाचतात. ती रेघ पाचची असते. क्लिनिकमध्ये जाण्याआधी हातातला प्रोब कोणता आहे ते एकदा नीट बघून घ्या.

यूएनसी-15 या दुसऱ्या प्रोबवर पंधरा मिलिमीटरपर्यंत प्रत्येक खूण असते आणि 5, 10, 15 ला काळे पट्टे असतात. खोल पॉकेटांसाठी मला तो जास्त आवडतो, कारण सहा आणि आठमधला फरक पटकन वाचता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रोबच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी असतो आणि 3.5 ते 5.5 मिलिमीटरमध्ये काळा पट्टा. शिबिरात, शाळेत, गावात भराभर तपासायचं असेल तर हा कामाचा. पट्टा पूर्ण दिसला तर ठीक, थोडा आत गेला तर पॉकेट आहे, पूर्ण दिसेनासा झाला तर खोल पॉकेट आहे. पूर्ण चार्ट भरायचा असेल तेव्हा मात्र त्यावर विसंबू नका.

नेबर्स प्रोब वाकडा असतो. तो दाढेच्या मुळांच्या मधल्या फटीसाठी, म्हणजे फर्केशनसाठी. एक्सप्लोररबद्दल पुढं सविस्तर बोलू.

हात आधी तयार करा

प्रोब किती जोरानं धरायचा हा पहिला प्रश्न असतो. आकड्यात सांगायचं तर वीस ते पंचवीस ग्रॅम. पण वीस ग्रॅम म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, सरावासाठी वेगळा ठेवलेला जुना प्रोब त्याच्यावर सरळ टेकवा आणि काटा वीस-पंचवीसवर येईपर्यंत हळूच दाबा. नंतर काट्याकडे न बघता दाबा आणि मग बघा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा आकडा साठ-सत्तर येतो. आठवडाभर रोज पाच मिनिटं केलं की बोटांना तो भार आपोआप कळायला लागतो. पेशंटवर वापरलेला प्रोब घरी नेऊ नका, सरावाचा प्रोबही परत क्लिनिकमध्ये आणू नका.

धरायची पद्धत पेनसारखी, थोडी वेगळी. अंगठा आणि तर्जनी दांड्यावर समोरासमोर, मधलं बोट खाली शँकला, म्हणजे दांडा आणि टोक जोडणाऱ्या बारीक भागाला, टेकलेलं, आणि अनामिका शेजारच्या दातावर घट्ट. पेशंटनं मान हलवली तर तुमचा हात त्याच्या तोंडाबरोबर हलला पाहिजे. अनामिका हवेत राहिली, तर टोक हिरडीत घुसेल.

आधी विचारा, मग बघा

प्रोब हिरडीत जातो म्हणजे रक्त येऊ शकतं आणि तोंडातले जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून हृदयाची कृत्रिम झडप, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला झालेला जंतुसंसर्ग, रक्त पातळ करणारी गोळी यांबद्दल आधी विचारा. झडप बदललेली असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय प्रोब लावायचा नाही. मधुमेह विचाराच, आणि साखर किती असते तेही विचारा.

तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे नुसता ‘तंबाखू खाता का’ असा विचारून चालत नाही. बायका ‘नाही’ म्हणतात आणि ते खरंच असतं, कारण त्या तंबाखू खात नाहीत, मशेरी लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. नागपूरकडे खर्रा म्हणून विचारावं लागतं. ‘मावशी, सकाळी दात कशानं घासता?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. मशेरीच्या काळपट डागांमुळे डाग आणि किटण यांत गल्लत होते. हिरडी बऱ्याचदा दातावरून खाली सरकलेली असते, त्यामुळे मापही वेगळं लिहावं लागतं.

मग नुसत्या डोळ्यांनी बघा. रंग, सूज, दोन दातांमधल्या हिरडीचं टोक शाबूत आहे की बोथट झालंय, कुठं पू दिसतो का. दोन मिनिटं पुरतात.

प्रोब फिरवणं

इथं घाई करू नका.

प्रत्येक दाताला सहा जागा. गालाकडच्या बाजूला पुढचा कोपरा, मध्य, मागचा कोपरा. जिभेकडच्या किंवा टाळूच्या बाजूला तशाच तीन. प्रोब दाताच्या लांब अक्षाला समांतर धरायचा आणि टोकाची कड दाताला चिकटून ठेवायची. टोक दातापासून सुटलं तर ते हिरडीच्या भिंतीत टोचतं. पेशंट तेव्हाच कळवळतो आणि तुम्हाला वाटतं की प्रोबिंग दुखतंच.

टोक हळूच आत सरकवा. तळाशी पोचल्यावर एक मऊ, किंचित लवचिक अडसर लागतो. फुगलेल्या फुग्यावर बोट टेकवल्यासारखा. तिथं थांबा आणि आकडा वाचा. मग टोक पूर्ण बाहेर न काढता साधारण मिलिमीटरभर वर घ्या, एक-दोन मिलिमीटर बाजूला सरका, पुन्हा खाली टेकवा. दाताच्या सगळ्या कडेनं अशीच छोटी पावलं टाकत जायचं. प्रत्येक कोपऱ्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. मॅडमनी माझ्या हातून जो सात काढला, तो असाच चालत गेल्यावर सापडला होता.

दोन दातांच्या मधोमध पोचताना एक अडचण येते. दात जिथं एकमेकांना चिकटतात त्याच्या खाली हिरडीत बारीकशी खोलगट जागा असते आणि पॉकेट बऱ्याचदा तिथंच सुरू होतं. प्रोब सरळ धरला तर तो तिथं पोचत नाही. प्रोबचा शँक संपर्कबिंदूला टेकवून टोक साधारण दहा अंश आत कलतं करा, म्हणजे ते संपर्काच्या खाली जातं. जास्त कलतं केलं तर आकडा उगाच वाढतो.

आणखी एक फसवणूक होते ती किटणामुळे. प्रोब खाली जाताना मध्येच टणक काहीतरी लागतं आणि तुम्ही तीन लिहून मोकळे होता. पण पॉकेटचा तळ मऊ असतो. टणक लागलं, तर बहुतेकदा ती किटणाची पायरी असते. टोक दातापासून किंचित बाहेर घेऊन तिला वळसा घाला आणि पुन्हा दाताला चिकटवून खाली जा. किटण फार असेल तर पहिल्या भेटीतला आकडा अंदाजाचाच असतो. स्केलिंगनंतर, म्हणजे किटण काढल्यावर, खरं माप घ्यायचं, हे कागदावर लिहून ठेवा.

सुजलेल्या हिरडीत प्रोब नेहमीपेक्षा जास्त आत जातो, कारण तळाची उती सैल झालेली असते आणि टोक तिच्यात घुसतं. उपचारानंतर तीच उती घट्ट होते आणि आकडा कमी येतो. सहाचा चार झाला म्हणजे दोन मिलिमीटर हाड परत आलं, असा अर्थ होत नाही. तळ आता टोकाला अडवू लागला, एवढंच. विद्यार्थ्यांना हे कळलं की ते पेशंटला खोटी आशा दाखवत नाहीत.

इम्प्लांट असेल तर प्लास्टिकचा प्रोब घ्या. स्टीलनं त्यावर ओरखडे उठू शकतात.

रक्त आलं की नाही

प्रोब काढल्यावर दहा ते तीस सेकंद थांबून मागं वळून बघायचं. रक्त लगेच येतंच असं नाही. म्हणून एका चतुर्थांशातले सगळे दात मोजून झाले की पहिल्या दाताकडे परत या आणि कुठल्या जागांवर लाल ठिपका आहे ते नोंदवा.

अठ्ठावीस दातांच्या 168 जागा होतात. 2017 च्या जागतिक कार्यशाळेनं ठरवलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात दहा टक्क्यांची रेघ आहे. म्हणजे साधारण सतरा किंवा त्याहून जास्त जागांवर रक्त आलं आणि पॉकेट तीनपेक्षा जास्त नसेल, हाडही गेलेलं नसेल, तर ती हिरडीची सूज, जिंजिव्हायटिस. रक्ताच्या जागा त्याहून कमी असतील तर हिरड्या निरोगी धरायच्या.

पण रक्ताच्या ठिपक्यापेक्षा त्याच्या नसण्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. एखाद्या जागी वारंवार तपासूनही रक्त येत नसेल, तर तिथं आजार पुढं सरकण्याची शक्यता फार कमी. उलट एकदा रक्त आलं म्हणजे तिथं हाड जाणारच, असं नाही. आणि जोर पंचवीस ग्रॅमच्या पुढं गेला, तर निरोगी हिरडीतूनही रक्त येतं. म्हणून तो वजनकाटा.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत हा भरवसा लागू पडत नाही. गेल्या वर्षी एक काका आले होते, चाळीस वर्षं विडी ओढणारे. ‘मला रक्त-बिक्त कधी येत नाही, दात तेवढे हलतात,’ म्हणाले. त्यांच्या वरच्या दाढांना आठ मिलिमीटरचे पॉकेट होते आणि प्रोब काढल्यावर हिरडी जवळजवळ कोरडी. धूम्रपानामुळे हिरडीचा रक्तस्राव दबतो. रक्त येत नाही म्हणून ते निर्धास्त राहिले आणि हाड शांतपणे गेलं. अशा पेशंटमध्ये पॉकेटच्या आकड्यावर आणि एक्स-रेवर भर द्या. विडी सोडल्यावर काही दिवसांनी हिरडीतून रक्त यायला लागू शकतं, हेही त्यांना आधीच सांगा. नाहीतर ‘सोडली आणि त्रास वाढला’ म्हणून ते परत सुरू करतात.

हिरडीची कड कुठे आहे ते लिहा

पॉकेटचा आकडा हिरडीच्या कडेपासून मोजलेला असतो, आणि कड वर-खाली सरकते. म्हणून दात आणि मूळ जिथं भेटतात त्या रेषेपासून, सीईजेपासून, कड किती अंतरावर आहे तेही मोजा.

मशेरी लावणाऱ्या मावशींची हिरडी दोन मिलिमीटर खाली सरकलेली आहे आणि पॉकेट तीन आहे. तिथं आधार पाच मिलिमीटर गेलाय, पॉकेटचा आकडा नॉर्मल दिसत असला तरी. उलट फिटची गोळी घेणाऱ्या एखाद्या मुलीची हिरडी फुगून सीईजेच्या चार मिलिमीटर वर चढलेली असते आणि पॉकेटही चारच येतं. तिथं आधार अजिबात गेलेला नाही. पहिल्या उदाहरणात बेरीज, दुसऱ्यात वजाबाकी. आजाराची पायरी ठरवताना मुख्यतः हाच आकडा लागतो, नुसता पॉकेटचा नाही.

फर्केशन आणि हलणं

नेबर्स प्रोब मुळांच्या मधल्या फटीत आडवा सरकवायचा. खालच्या दाढांना गालाकडून आणि जिभेकडून. वरच्या दाढांना गालाकडून, आणि पुढच्या-मागच्या फटीही बघायच्या. पुढची फट टाळूच्या बाजूनं सापडते, कारण ती टाळूकडे झुकलेली असते. टोक तीन मिलिमीटरपर्यंत गेलं तर पहिली श्रेणी, त्याहून आत गेलं पण आरपार नाही तर दुसरी, आरपार गेलं तर तिसरी. दात हलतो का ते दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये धरून बघा, बोटांनी नाही. बोटाचं मांसच दबतं आणि दात हलल्यासारखं वाटतं.

एक्सप्लोरर

किटण शोधायचं काम प्रोबनंही थोडंफार होतं, पण खरं हत्यार एक्सप्लोरर. सगळी मापं आणि रक्ताची नोंद झाल्यावरच तो हातात घ्या, म्हणजे आधीच्या नोंदी बिघडत नाहीत.

हुकाच्या आकाराचा नेहमीचा एक्सप्लोरर हिरडीखाली घालायचा नाही, त्याचं टोक हिरडी फाडतं. हिरडीखालच्या किटणासाठी ओडीयू 11/12 घ्या. त्याच्या शँकला छान वाकण आहे, टोक बारीक आहे, आणि तो दाढेच्या मागंही पोचतो. टोकानं टोचायचं नसतं. टोकाचे शेवटचे एक-दोन मिलिमीटर आडवे दाताला लावायचे आणि हलक्या हातानं, पिसासारखा, मुळावरून फिरवायचा. प्रोबपेक्षाही सैल पकड. घट्ट धरलं की कंप बोटांपर्यंत पोचत नाही.

स्वच्छ मूळ काचेसारखं लागतं. बारीक कणासारखं किटण असेल तर टोक क्षणभर अडखळतं, ‘टिक’ असं. जाड पायरी असेल तर हत्यार आधी बाहेर ढकललं जातं आणि मग पुन्हा आत येतं. कीड असेल तर उलट, टोक आधी आत बुडतं. फिलिंगची बाहेर आलेली कड धातूसारखी तीक्ष्ण लागते. सीईजे मात्र सगळ्या कडेनं एकसारखी बारीक खाच म्हणून जाणवते आणि नवीन विद्यार्थी तिलाच किटण समजून खरवडत बसतात. जी खाच दाताला गोल फिरून सारखीच लागते ती सीईजे.

टायपोडोंटच्या, म्हणजे सरावाच्या नकली जबड्याच्या, मुळांवर नेलपॉलिशचे दोन-तीन ठिपके द्या, वाळू द्या, वरून हिरडी बसवा. मग मित्राला दात निवडायला सांगा आणि डोळे मिटून शोधा. चार दिवसांत बोटांना फरक कळायला लागतो.

हिरडीवरचं किटण पांढरट-पिवळं असतं आणि डोळ्यांनी दिसतं. ते सगळ्यात जास्त कुठं साठतं? खालच्या पुढच्या दातांमागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात. दात ओला असताना पातळ थर दिसत नाही. थ्री-वे सिरिंजच्या हवेनं कोरडा केला की तो खडूसारखा पांढरा होतो. हवेचा झोत पॉकेटच्या तोंडात सरळ मारू नका, हवा उतीत शिरून सूज येऊ शकते. हिरडीखालचं किटण काळपट-तपकिरी आणि मुळाला घट्ट चिकटलेलं असतं. एक्स-रेमध्ये दोन दातांच्या मध्ये ते काट्यासारखं दिसतं, पण तिथं फक्त मोठेच तुकडे दिसतात. एक्स-रे स्वच्छ म्हणून मूळ स्वच्छ, असं धरू नका.

बोथट स्केलरनं वरवर घासलं की किटणाचा वरचा भाग निघतो आणि राहिलेला गुळगुळीत होतो. तो एक्सप्लोररलाही जाणवत नाही. हिरडी मात्र लालच राहते. पुन्हा तपासताना सगळं काचेसारखं लागतंय आणि तरी रक्त येतंय, अशी एखादी जागा सापडली तर आधी याचाच संशय घ्या.

पेशंटला आकडा दाखवा

चार्ट भरून झाला की आरसा पेशंटच्या हातात द्या आणि त्याच्याच तोंडात प्रोब किती आत जातो ते दाखवा. आपल्याकडे एक समज खोल रुतलाय, दात साफ केले की सैल होतात. त्याच्याशी वाद घालू नका. किटणानं दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात, हाड आधीच गेलेलं असतं, किटण निघाल्यावर ते हलणं फक्त उघडं पडतं, हे प्रोबच्या आकड्यासकट समजावून सांगा. साफ केल्यावर थोडे दिवस दात शिवशिवतील, हेही आत्ताच सांगा, नंतर नाही.

स्केलिंगनंतर चार ते सहा आठवडे पुन्हा प्रोब लावायचा नाही, भरून येणाऱ्या हिरडीला तेवढा वेळ लागतो. तारीख कार्डावर लिहून द्या. मशेरीवाल्या एका मावशी सहा आठवड्यांनी आल्या, तेव्हा खालच्या डाव्या दाढेच्या मागच्या कोपऱ्यातला सहा चारवर आला होता आणि रक्ताची जागा एकच उरली होती. विद्यार्थिनीनं आधी सगळीकडे तीन लिहायला घेतलं, मग स्वतःच हात मागं नेऊन त्या कोपऱ्यात प्रोब पुन्हा टेकवला, चार वाचलं आणि चार लिहिलं. त्या एका जागेवर आम्ही तेव्हाच पुन्हा काम केलं आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली.